ब्रेक निवेपर्यंत

माणसाची प्रगती वेगामुळे झाली, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. माणसाची प्रगती थांबता आल्यामुळे झाली. धावता हरणालाही येतं, पण ठरलेल्या जागी थांबता येत नाही, आणि म्हणूनच हरणांच्या गृहनिर्माण सोसायट्या नाहीत. थांबण्यात मात्र एक अडचण असते. अंगात असलेला वेग कुठेतरी जावा लागतो, आणि तो उष्णता होऊन जातो. सरकारी कचेरीत ही उष्णता अर्जदाराच्या डोक्यात जाते. मोटारीत ती ब्रेकमध्ये जाते.

हे ज्ञान मुकुंदनगरच्या तेजसला चाळिशीला टेकल्यावर झालं. त्याच्याकडे एक पिवळी, दोन माणसांची, जमिनीवर पोट टेकून बसल्यासारखी दिसणारी स्पोर्ट्स कार होती. तिच्या वेगाच्या काट्याखाली तीनशेपर्यंत आकडे होते. त्यांतले पहिले चाळीस पुण्यात वापरता येत. उरलेले दोनशे साठ नवेकोरे पडून होते. घेतलेली वस्तू पुरती वापरली जात नाही, ही बोच पुणेकराला झोपू देत नाही.

अशा पीडितांच्या सोयीसाठी वाघोलीच्या पुढे एका माळावर ‘ट्रॅक-डे’ भरतो. हा उपक्रम अत्यंत लोकोपयोगी आहे. सभासद आपली गाडी घेऊन येतो, जिथून निघतो तिथेच जास्तीत जास्त वेगाने परत पोचतो आणि हेच दिवसभर करतो. (पीएच.डी.चे विद्यार्थी हेच सहा-सात वर्षं करतात, पण त्यांना जेवण मिळत नाही.) जेवणात पुरी, मटकीची उसळ आणि जिलबी असते. उपस्थितांपैकी बहात्तर टक्के गाडी चालवायला येतात, वीस टक्के गाडीशेजारी उभं राहून फोटो काढायला, आणि उरलेल्या आठ टक्क्यांच्या घरी पाहुणे आलेले असतात.

त्या रविवारी तेजससोबत त्याची आई होती. सुनीतीबाई म्हणजे निवृत्त गणितशिक्षिका. एका गाडीमागे एका माणसाचं जेवण फुकट होतं, आणि ते वाया घालवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. तेजसची बायको ऋचा आली नाही, कारण संध्याकाळी तिचं गाणं होतं.

ऋचा बँकेत नोकरी करते. लग्नाआधी ती गायची. मग बदल्या, बाळंतपण, सासऱ्यांचं आजारपण यांत गाणं मागे पडलं ते अकरा वर्षं मागेच राहिलं. गेल्या दिवाळीनंतर ती पुन्हा आपल्या जुन्या बाईंकडे जाऊ लागली. बाईंच्या शिष्यांचा कार्यक्रम स्वारगेटजवळच्या एका हॉलमध्ये होता आणि त्यात सात वाजता ऋचाला पूरिया धनाश्री गायला वीस मिनिटं मिळाली होती. घरी ती रियाजाला बसे तेव्हा तेजसच्या कानात हेडफोन असत, कारण तो ब्रेक या विषयावरचे व्हिडिओ बघत असे. सकाळी निघताना ती म्हणाली होती, “तू समोर बसलेला दिसलास ना, की माझा पहिला सा नीट लागेल. येशील?”

“अगं, तीनला ट्रॅक संपतो. चारला घरी. स्वतः गाडी धुऊन येतो बघ,” तेजस म्हणाला होता, आणि हे तो अगदी मनापासून म्हणाला होता.

ट्रॅकवर शिकवायला अवधूत सर होते. एका मोठ्या कारखान्यात गाड्या तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि त्या काळात त्यांनी कुणाचंही कौतुक केल्याची नोंद नाही. “ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही,” त्यांनी सकाळीच सांगितलं. “तो तुमच्या सोसायटीचा कट्टा नाही. जोरात दाबा, थोडक्यात दाबा, सोडा. आणि दर चार फेऱ्यांनंतर एक थंड फेरी. सावकाश, ब्रेक न लावता. वारा लागला की ब्रेक निवतात. काही शंका?”

तेजसला शंका नव्हती, हिशेब होता. फेऱ्यांचे पैसे भरलेले होते. थंड फेरीत वेग नाही, म्हणजे ती फेरी फुकट गेली. सबब त्याने दिवसभरातल्या सगळ्या थंड फेऱ्या वाचवल्या आणि त्या गरम करून वापरल्या. अडीचच्या सुमाराला पुढच्या चाकांतून निळसर धूर येऊ लागला. मांडवात बसलेल्या सुनीतीबाई उठून उभ्या राहिल्या आणि शेजारच्या माणसाला म्हणाल्या, “अहो, काहीतरी करपतंय.” त्याच क्षणी वळणावर तेजसने ब्रेक दाबला, आणि गुरगुट्या भातात चमचा जावा तसं पेडल आत गेलं. गाडी ट्रॅक सोडून गवतात शिरली, बरीच लांब गेली आणि कंटाळून थांबली. कुणालाही इजा झाली नाही.

अवधूत सर चालत आले. वाकून बघितलं. “ऑइल उकळलं,” ते म्हणाले. “ब्रेकच्या ऑइलची वाफ झाली. मग तुम्ही वाफ दाबता, ब्रेक दाबला जात नाही.”

“सर, घरी नेता येईल?”

“निवल्यावर पेडल पुन्हा घट्ट लागेल. पण त्याच्यावर विसंबू नका, उद्या ऑइल बदला. तोवर ब्रेक तापवायचे नाहीत. पुढे चार गाड्यांची जागा मोकळी ठेवायची. गिअर खाली आणायचा, पाय उचलायचा, गाडी आपोआप हळू होते. ब्रेक दाबायची वेळ आली, तर समजायचं की आपण मागेच कुठेतरी चुकलो. सिग्नलला ब्रेक दाबून उभं राहायचं नाही, सरकत राहायचं. एवढं जमेल ना, तेजसराव?”

ब्रेक निवायला साडेचार वाजले. “गाडी ठेव इथेच, रिक्षाने जाऊ,” सुनीतीबाई म्हणाल्या.

“आई, ही गाडी इथे एकटी ठेवू?”

“कोण पळवणार आहे? पळवली तरी थांबवणार कशी?”

तरीही तेजस गाडीनेच निघाला. इथे एक गोष्ट नमूद करायला हवी. चार गाड्यांची जागा सोडून गाडी चालवणं ही फार सुंदर क्रिया आहे. पुढचा रस्ता दिसतो. पायाला काम नसतं. मनाला एक प्रकारचा मोठेपणा येतो. ही पद्धत जगात सर्वत्र शास्त्रशुद्ध मानली जाते आणि तिच्यात एकच दोष आहे, तो म्हणजे पुणे.

पुण्यात रस्त्यावरची मोकळी जागा ही कुणाच्या मालकीची नसते, ती पुढच्याने घ्यायची विसरलेली असते. वाघोलीच्या चौकात तेजसने चार गाड्यांची जागा सोडली आणि तिच्यात चार गाड्या आल्या. त्याने तत्परतेने पाय उचलला, मागे राहिला, पुन्हा चार गाड्यांची जागा तयार केली. पुन्हा चार गाड्या आल्या. या जागेत प्रवेश घेणाऱ्यांचं ढोबळ वर्गीकरण पुढीलप्रमाणे: दुचाक्या एकसष्ट टक्के, रिक्षा एकोणीस टक्के, चारचाक्या अठरा टक्के, आणि उरलेल्यांत मांडवाच्या खुर्च्या नेणारा एक टेम्पो, एक बस (ही जागेत आली नाही, जागाच तिच्याखाली गेली) आणि केळ्यांची एक हातगाडी. केळीवाल्याला इतकी शांत जागा नगर रोडवर कधी मिळाली नव्हती. त्याने गाडी उभी करून धंदा सुरू केला. सुनीतीबाईंनी काच खाली करून अर्धा डझन घेतली.

“चांगली आहेत,” केळं सोलत त्या म्हणाल्या. “मला एक सांग. दर मिनिटाला चार वाहनं तुझ्या पुढे जातात आणि प्रत्येकासाठी तू एक जागा मागे येतोस. बरोबर?”

“हो.”

“मग रहदारीच्या मानाने आपण उलटे चाललोय. या हिशेबाने आपण रात्रीपर्यंत परत ट्रॅकवर पोचू. जिलबी उरली असेल का रे?”

सिग्नलला सरकत राहण्याची सूचना मात्र तेजसला सहज पाळता आली, कारण ती पुण्यात सगळेच पाळतात. खराडीला तो दिवा लाल असताना लांबून सरकत निघाला आणि हिरवा होईपर्यंत पट्ट्यांवर पोचला. ब्रेकला पाय लागला नाही. तिथे त्याच्या मनात प्रथमच एक विचार आला, की वाघोलीपासून आपण एकदाही ब्रेक लावलेला नाही.

हा विचार घातक असतो. उपास जसा दुपारी चारपर्यंत भुकेचा वाटतो आणि चारनंतर अभिमानाचा होतो, तसं तेजसचं झालं. आता प्रश्न ऑइलचा राहिला नाही. एवढ्या रहदारीतून ब्रेक न लावता स्वारगेटपर्यंत जाणारा पुण्यातला तो पहिला माणूस ठरणार होता. त्याला आपला अतोनात अभिमान वाटू लागला. मागचे लोक हॉर्न वाजवत होते, आणि ती त्याला दाद वाटत होती.

येरवड्याच्या अलीकडे ऋचाचा फोन आला. तो गाडीच्या स्पीकरवर वाजला. मागे कुणीतरी तानपुरा लावत होतं.

“कुठे आहेस रे?”

“येरवडा. आलोच.”

“पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर माझी ओढणी ठेवलीय. जांभळी. तिच्यावरच बस. आई आहेत ना? त्यांना शेजारची.” मग म्हणाली, “हात गार पडलेत माझे. लवकर ये.”

“येतो ग. पंधरा मिनिटं,” तेजस म्हणाला, आणि पुढे शिरणाऱ्या दोन स्कूटरींना जागा देण्यासाठी त्याने पाय उचलला.

सुनीतीबाईंनी केळ्याची साल पिशवीत टाकली. मग त्यांनी दार उघडलं. गाडीचा वेग एवढा बेताचा होता की त्यासाठी ती थांबवावी लागली नाही. त्या उतरल्या, चालत पुढच्या चाकापाशी गेल्या, वाकल्या आणि जाळीतून बोटाने ब्रेक चाचपला. मग खिडकीशी येऊन गाडीबरोबर चालत म्हणाल्या, “थंड आहे. एव्हाना दूधसुद्धा विरजायला लावता आलं असतं. जरा चेप आता ते पेडल आणि चल माणसासारखा.”

“आई, उकळलेलं ऑइल आहे. धोका असतो.”

“धोका आहेच,” सुनीतीबाई म्हणाल्या. “तुझ्या लक्षात येत नाहीये तो कुठे आहे ते. गाडी सोड कडेला, ये रिक्षात.”

तेजसने कडेला बघितलं. कडेला जागा होती. तिथे गाडी लावायची तर ब्रेक दाबावा लागला असता. तो म्हणाला, “तू हो पुढे, मी मागून आलोच.”

सुनीतीबाईंनी रिक्षाला हात केला. रिक्षावाल्याने आधी मीटर टाकायला नकार दिला, मग त्यांचा चेहरा पाहून टाकला, आणि समोर दिसणाऱ्या पहिल्या मोकळ्या जागेत रिक्षा घातली. ती जागा तेजसच्या पुढची होती. मागच्या काचेतून सुनीतीबाईंनी एकदा वळून बघितलं. तेजसने सवयीने पाय उचलला.

तो हॉलवर पोचला तेव्हा सव्वाआठ झाले होते. ब्रेकला पाय न लावण्याचा विक्रम त्याने पूर्ण केला होता, आणि गाडी एका चढावर आपोआप थांबू दिली होती. आत व्यासपीठावरच्या सतरंज्या गुंडाळत होते. ऋचा पायऱ्यांवर उभी होती, जरीकाठी साडीत, केसांत गजरा. शेजारी सुनीतीबाई होत्या. ऋचाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं तेजसला वाटलं.

“ब्रेक कसे आहेत?” तिने विचारलं.

“थंड आहेत.”

“छान,” ती म्हणाली. “गाडीत एकच जागा आहे आणि आम्ही दोघी आहोत. आम्ही रिक्षाने जातो.”

ती रिक्षा बघायला पुढे गेली. तेजसने आईचा हात धरला. “आई, गाणं कसं झालं ग?”

“सुरुवातीला ती सारखी मधल्या खुर्चीकडे बघत होती,” सुनीतीबाई म्हणाल्या. “पुढचं मी सांगणार नाही. उसनं गाणं मिळत नसतं. ज्यांनी ऐकलं त्यांना विचार.”

त्यानुसार तेजस गेले काही दिवस विचारतो आहे, आणि प्रस्तुत निवेदन त्याच चौकशीचा भाग आहे. वाचकहो, आपण आतापर्यंत तेजसला हसलात, ते योग्यच होतं. पण त्याच्या पुढे जे जे शिरले, त्यांत आपणही होतात. खराडीला डावीकडून. आपल्याला घाई होती, याबद्दल कुणाची तक्रार नाही. आपण सातच्या आत हॉलवर पोचलात, हेही चांगलं झालं. पहिल्या रांगेत मधली खुर्ची मोकळी दिसली, तिच्यावरची जांभळी ओढणी आपण उचलून बाजूला ठेवलीत आणि बसलात. समोर एक बाई आपल्याकडेच बघत पहिला सा लावत होती. तेव्हा आता एवढंच सांगा, कसा लागला तो? का त्या वेळी आपण मोबाइल बघत होतात?