सोयऱ्यांची जीवनसत्त्वं

झरीच्या निकितानं सगळ्या सोयऱ्यांना एकेक आजार वाटून टाकला, तेव्हा कुठं तिला जीवनसत्त्वं पाठ व्हायला लागली. पोलीस भरतीची परीक्षा तोंडावर आलेली, आणि कोणत्या जीवनसत्त्वाच्या अभावी काय होतं, हा प्रश्न म्हणे हमखास येतो. नुसतं घोकून डोक्यात राहीना, म्हणून तिनं माणसं जोडली. दिवस मावळता रेड्याला "राम राम पाव्हणं" म्हणणाऱ्या बन्सीधर मामाला 'अ', म्हणजे रातांधळेपणा. मिसरीनं हिरड्या सोलून घेणाऱ्या भागवत काकाला 'क', म्हणजे स्कर्व्ही. दाढी करताना कापून घेऊन दुपारपर्यंत कापूस लावून बसणाऱ्या बापाला 'के', म्हणजे रक्त न गोठणे. 'ई'ला मात्र माणूस उरेना. घरात नवं नाव एकच होतं, माधवीताईचा होणारा नवरा, सेलूचा माऊली. कुंकवाचा कार्यक्रम नुकताच झालेला. निकितानं 'ई' त्याला देऊन टाकलं. 'ई' म्हणजे वांझपणा.

हे पाठांतर चालायचं अंगणात भांडी घासताना, तेही मोठ्यानं. भिंतीपलीकडं केशरबाईचे कान. आणि केशरबाईचं माहेर नेमकं सेलूला! मग काय विचारता.

दोन दिवसांत माऊलीचे वडील आश्रुबा आपल्या बहिणीला, सरजाबाईंना, घेऊन दारात हजर. पाण्याच्या तांब्याला दोघंही हात लावीनात.

"परमेश्वरराव, आमच्या पोराची तपासनी कुनी केली वो?"

"कसली तपासनी, इवाई?" निकिताच्या बापाच्या गालावरचा कापूस गळून पडला.

"तुमची धाकटी म्हनती म्हनं, माऊलीला लेकरू व्हायचं न्हाई. सेलूभर बोंब हाय!"

आत माधवी रडायला लागली. निकिता ताडकन उठली. ताईचं लग्न आपल्या जिभेनं मोडलं! ती बाहेर आली आणि मामापासून माऊलीपर्यंत सगळं घडाघडा म्हणून दाखवलं.

"खरं न्हाई काई, तात्या. ध्यानात राहावं म्हनून केलं."

आश्रुबांनी हनुवटी खाजवली. रागापेक्षा नवलच जास्त वाटायला लागलं होतं. "असं केल्यावर खरंच ध्यानात राहतं?"

"लय राहतं!"

"अन् मला काय दिलंस गं?" सरजाबाईंनी विचारलं.

"तुमाला काईच न्हाई, आत्या."

सरजाबाईंचं तोंड उतरलं. "बगा! नवरदेवाची सख्खी आत्या मी. मामा आठवला, काका आठवला, मीच तेवढी न्हाई. आत्ताच असा मानपान, तर मांडवात काय करतेत हे लोक?"

घ्या! सुटत आलेली गाठ पुन्हा बसली. निकितानं घाईघाईनं बापाचं 'के' काढून आत्याला दिलं.

"चांगलं हाय का ते?"

"लय मानाचं हाय, आत्या."

"मंग ठीक हाय." सरजाबाई पाणी प्याल्या.

"आता माऊलीचं तेवढं काढ," आश्रुबा म्हणाले.

"पर दुसरं मानूसच न्हाई, तात्या."

"मला दे की. पाच लेकरं हायती मला. कोन इस्वास ठेवतंय?"

सगळे हसले, चहा झाला, लग्नाची तारीखही निघाली.

परीक्षेत नेमका 'ई'च आला. निकितानं डोळे मिटले. आश्रुबा आले. त्यांच्या मागून एकेक करत पाचही लेकरं आली, सगळ्यात पुढं माऊली. वांझपणा? कसं शक्य हाय! तिनं पुन्हा पुन्हा बघितलं, तरी लेकरं काही हलेनात.

घरी आल्याबरोबर माधवीनं विचारलं, "'ई'ला कोनता गोल रंगवलास?"

"मुडदुसाचा," निकिता म्हणाली. "एक मार्क गेला, ताई. पर तुज्या सासऱ्याची अब्रू राखली."