संगणकाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार

आमच्या सेवा सोसायटीचे चेअरमन सुंदरराव यांच्या राहत्या घरातील संगणक दर अकरा मिनिटांनी बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होतो, ही बाब संचालक मंडळाच्या सभेत गांभीर्याने नोंदवण्यात आली. एरवी कुणी नोंदवली नसती. पण यंदा विहिरी आटल्या होत्या, आणि टँकरच्या मागणीचा अर्ज संगणकावरूनच भरावा, असा तालुक्याहून आदेश होता. गावात संगणक एकच. अर्जाची पानं सात, भरायला वीस मिनिटं. मुदत शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत.

मी निवृत्त हेडमास्तर. एका बोटाने का होईना, टाईप करता येतं, म्हणून काम माझ्याकडे आलं. आठ वेळा मी गावाचं नाव लिहिलं. आठही वेळा 'जनावरांची संख्या' या रकान्यापाशी पडदा काळा झाला आणि अर्ज पुन्हा पहिल्या पानावर गेला. भिवराबाई रोज दोन कोसांवरून पाणी आणायची. जाताना रिकामी घागर घेऊन ओट्यापाशी थांबायची आणि विचारायची, "गुरुजी, गेला का अर्ज?"

संगणकाचा पडदा उघडा होता, पण शेजारचा सीपीयूचा डबा शालीत गुंडाळलेला होता. संगणकाच्या उद्घाटनाला तालुक्याचे साहेब आले होते. सुंदररावांसाठी आणलेली शाल त्यांनी घाईघाईत डब्यालाच पांघरली. साहेबांच्या हातची शाल काढायची कुणी?

शेवटी मांजरसुंब्याहून शहादेवला बोलावलं. तो विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरून देतो. विहिरीत पाणीच नसल्याने सध्या मोकळा होता. त्याने डब्यावर तळवा ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"चेअरमन, लई तापलंय हे. आत पंखा हाय, त्याला वारा पायजे. आधी ही शाल काढा."

"शाल काढा?" सुंदरराव खुर्चीतून उठले. "सायबानं सोताच्या हातानं घातलीय बे! उद्या त्यांनी इचारलं शाल कुठंय, तर तू सांगनार का?"

"मी कावून सांगू?" शहादेवने पान्हा पिशवीत टाकला. "मंग तापू द्या."

या तांत्रिक मतभेदामुळे त्रिसदस्यीय समिती नेमण्यात आली. अध्यक्ष सुंदरराव, सचिव आसाराम, सदस्य मी. संगणक तापण्यास दुष्काळी धूळ जबाबदार आहे, असा समितीचा निष्कर्ष निघाला. धूळ जाऊ नये म्हणून शालीवर जाड प्लास्टिक चढवलं. संगणक सहा मिनिटांवर आला.

दुसऱ्या बैठकीत आसारामने मूळ दुखण्यावर बोट ठेवलं. "चेअरमनसाहेब, सायबांनी सत्कार केला, पन सोसायटीनं कुठं केला? यंत्राला बी मान लागतो."

ठराव झाला. टाळ्यांच्या गजरात दुसरी शाल पांघरली, नारळ ठेवला. संगणक तीन मिनिटांवर आला. समितीने अहवाल लिहिला: 'पूर्वी संगणक पुन्हा सुरू होण्यास अकरा मिनिटे वाट पाहावी लागे. आता तो दर तीन मिनिटांनी सुरू होतो. प्रगती समाधानकारक.' मी खाली सही केली.

शुक्रवार उजाडला. तीन शालींनी नक्की फरक पडेल, म्हणून सुंदरराव आसारामला घेऊन मोठ्या काठाची शाल आणायला वडवणीला गेले. पाच वाजता भिवराबाई आली.

"गुरुजी, गेला का अर्ज?"

"नाही. संगणक तापतोय."

तिने डब्याकडे पाहिलं. "एवढ्या उन्हात पांघरून कावून घातलंय? ताप आलेल्या लेकराचं बी आमी पांघरून काढतो."

"मानाची शाल आहे ती, भिवराबाई."

"मान ह्या डब्याला? अन् मी दोन कोस घागर डोक्यावर आनते, मला चुंबळीला धड फडकं न्हाई!"

तिने नारळ माझ्या हातात दिला, प्लास्टिक कोपऱ्यात भिरकावलं, दोन्ही शालींना पीळ घालून झकास चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, वर घागर ठेवली आणि निघून गेली.

मी अडवलं नाही. उष्णतेला बाहेर जायला वाट लागते, हे मी छत्तीस वर्षं सातवीला शिकवलं. संचालक मंडळ सातवीत नव्हतं, एवढाच माझा बचाव.

डब्यातला पंखा घुर्रर करून फिरला. जनावरांची संख्या भरली, माणसांचीही भरली. सहाला सात मिनिटं कमी असताना अर्ज गेला.

सोमवारी टँकर आला. सगळा गाव घागरी घेऊन रांगेत उभा राहिला. पण तिसरी शाल शिल्लक होती. सुंदररावांनी ती टँकरच्या तोटीला घट्ट गुंडाळली आणि जाहीर केलं, "सायेब मांजरसुंब्याला चहा पीत हायेत. शाल त्यांच्याच हातानं निघंल, मंग पानी."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

रांगेत पहिली भिवराबाई होती. तिने घागर तोटीखाली ठेवली आणि शालीची गाठ ओढायला घेतली. "आरं, कुनी हात लावा की! गाठ लई पक्की हाय."

एकाचाही हात मोकळा नव्हता. सगळे टाळ्या वाजवत होते. मीसुद्धा. आणि तुम्हीही, हसू नका, हेडमास्तरला मागच्या बाकावरचे आधी दिसतात.