नामदेवकाकांची हरकत

सोमवार, ग्रामसभा. हजर: सरपंचबाई, तहसीलचे साहेब, परदेशी कंपनीचे दोन अधिकारी, त्यांचा दुभाषी, गावकरी, ग्रामसेविका म्हणून मी, आणि हरकत घ्यायला नामदेवकाका.

काका निवृत्त पोस्टमन. कुठलाही विषय निघाला की ते उभे राहतात. "माही हरकत हाय. लिवा." त्यांच्या सत्कारालाही त्यांनी हरकत घेतली होती. "कापसाच्या गावात नायलॉनची शाल? लिवा, मॅडम." मी लिहिलं.

लोक हसतात, पण शाळेची टाकी उकिरड्यापासून लांब बांधली गेली ती काकांमुळेच. त्यामुळे गावाला एक सवय लागली. हरकत घेणं हे काकांचं काम. बाकीच्यांनी नुसतं बसायचं.

दर्यापूरकडचा हा भाग खारपाणाचा. बोअर मारला तरी पाणी खारंच लागतं. गावात गोड्या पाण्याची विहीर एकच, आणि सूत रंगवायच्या कारखान्यासाठी कंपनीला नेमकी तीच हवी होती. वरच्या सगळ्या परवानग्या आल्या होत्या. उरला होता ग्रामसभेचा ठराव.

"कोणाची हरकत?" साहेबांनी विचारलं. सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. काका चपलेचा अंगठा नीट करत होते.

साहेबांनी पुन्हा विचारलं.

"काका, आज काहून चूप?" सरपंचबाई म्हणाल्या.

"माही काही हरकत नाही."

मागून कोणी तरी म्हणालं, "बुढ्याले ताप आला वाटते." हशा झाला. दुसरं कोणी तयारी करून आलंच नव्हतं. हशा विरायच्या आत ठराव मंजूर झाला.

पायऱ्यांवर मी काकांना गाठलं. "विहिरीचं काय, काका?"

"खराब होईन. मले समजत नाही काय?" ते पायरीवर टेकले. "त्या दुभाष्यानं सांगतलं, कंपनीवाले आयटीआय झालेले पोरं कामावर घेऊन राहिले म्हणे. आमचा पोरगा सुनील आयटीआय करून चाकणले कामाले हाय. दिवाळीले दोन दिवस येते. तुमची काकू गेल्यापासून घरात हरकत घ्याले माणूस नाही, मॅडम. भिताडाले सांगू काय, भाजीत मीठ जास्त झालं म्हणून?"

त्या संध्याकाळी मी कंपनीचे कागद ओळ न् ओळ वाचले. पाणी किती, रस्ता किती रुंद, सगळं आहे. गावातली माणसं कामावर घेण्याबद्दल एक ओळ नाही.

बुधवारी ठराव अमरावतीला गेला. 'काकांना सांगणे' हे काम मी रोज उद्याच्या यादीत उतरवते आहे.