सुभानजी खाणकर यांच्या एका ठोशाची हकीकत

ज्या शक्तीने माणसाचे हाताला पाच बोटे दिली, ती उघडोन दान करावे ऐसे सांगितले, आणि मिटताही येतील ऐसी ठेविली, तिला प्रथम नमन. मग हकीकत. साल कोणते, तर ज्या साली आमचे धाकटे बंधू रखमाजी यांचे लग्नी ऐन माघात मांडवाने पेट घेतला, वऱ्हाडाने विहीर उपसोन विझविला, आणि नवरदेव ओल्या धोतराने कुडकुडत बोहल्यावर उभे राहिले, ते साल. महाराजांचे राज्यारोहणापासोन एकोणिसावे.

ते समयी राज्यात मुष्टियुद्धाचा शौक थोर होता. चुन्याचे रिंगण आखीत, दोघे वीर हाताला घोंगडीच्या पट्ट्या गुंडाळोन आत उतरत, आणि बाहेर तीन पंच बसत. प्रत्येक पंचाचे मांडीवर दोन दोऱ्या, एक काळी, एक पांढरी. ज्याचा ठोसा स्वच्छ लागला त्याचे दोरीस एक गाठ मारावी, आणि बारा फेऱ्या जाहल्यावर ज्याच्या गाठी अधिक तो जिंकला, ऐसा रिवाज. परंतु कोणी आडवा पडला आणि नगाऱ्याचे दहा ठोके होईतो उठला नाही, तर पाडणारा जिंकला, आणि दोऱ्या न मोजिता धुनीत टाकीत. फेरीचा नगारा वाजल्यावर मारिला तो ठोसा मेलेला. त्यास गाठ नाही, मान नाही. आणि पंचाचे मुखातून निघाले ते माघारी घेता येत नसे.

सुभानजी खाणकर म्हणोन एक वीर होते. बावीस वर्षे दगडाचे खाणीत घण चालवीत आणि त्यातच आखाड्यात उतरत. एकतीस लढती केल्या, एकतीसही गडी आडवे केले, आणि त्यांची दोरी कोणी कधी मोजिली नाही. परंतु लोक त्यांस मल्ल म्हणत नसत, घण म्हणत. कारण ते रिंगणाचे मध्ये पाय रोवोन उभे राहात, चुकवणे नाही, वळणे नाही, सहा ठोसे तोंडावर घेत आणि मग एक देत. ऐसे करिता डावा कान गेला, नाक तीनदा मोडले.

पंचांमध्ये थोरले तिमाजीपंत. ते म्हणत, "हा मल्ल नव्हे, हा अपघात आहे. भिंत अंगावर पडली, म्हणोन भिंतीस कोणी कलावंत म्हणते काय?"

दुसरे पंच दौलतखान, स्वतः जुने लढवय्ये. ते म्हणत, "पंत, एकदा त्या भिंतीखाली जाऊन या, मग कलेचे बोलू."

तिसरे पंच आम्ही. आम्हांस अक्षर येत नव्हते, गाठ मारिता येत होती. आमचे मत पंतांसारखे.

त्या साली वैशाख वद्य पंचमीस राज्याच्या मानाच्या कड्याची लढत ठरली. कडे ज्याचे हाती तो आखाड्याचा उस्ताद, आणि त्यास मल्ल म्हणावे ऐसा हुकूम. सुभानजींचे वय चाळीस, बोटांचे सांधे सुजलेले. पुन्हा उतरणे नव्हते. सामन्यास केदारजी नाईक, वय तेवीस, पाय ऐसे हलके की चुन्याची रेघ पुसत नसे. लढतीपूर्वी पट्ट्या बांधिता बांधिता सुभानजी आम्हांस बोलिले, "पंचबाबा, एक अर्ज आहे. नाचता मला येत नाही, ते ठाऊक आहे. मला एकच गोष्ट येते, आणि ती बावीस वर्षे शिकलो. ती घडेल तेव्हा तेवढे पाहा."

आम्ही म्हटले, "पाहण्यासाठीच बसलो आहो."

मग लढत सुरू जाहली. केदारजी भवती फिरत, मारीत, निघोन जात, आणि आम्ही पांढऱ्या दोरीस गाठीवर गाठ मारीत होतो. सुभानजींचा हात वाऱ्यावर जाई. लोक ओरडत, "अहो घण, खाण तिकडे राहिली!" आणि त्यांची बायको सगुणाबाई रिंगणाबाहेरून ओरडे, "अहो, देवळाचा खांब झालात काय? तो प्रदक्षिणा घालतोय तुम्हांला!" लोक हसले, आणि सुभानजीही रक्ताळल्या तोंडाने हसले. सहाव्या फेरीस दौलतखानांनी बोटे दुखतात म्हणोन दोऱ्या खाली ठेविल्या आणि नुसते पाहात बसले. पंतांचे डोळे केदारजींचे पायांवर होते. आम्ही मात्र गाठ चुकविली नाही.

बारावी फेरी सरत आली. पांढरीस बेचाळीस गाठी, काळीस सात. केदारजींचा आणिक एक ठोसा लागला, आम्ही त्रेचाळिसावी गाठ मारू लागलो, आणि दोरी घामाने भिजली होती ती सरकेना, म्हणोन मान खाली घालोन नखाने ओढू लागलो. इतक्यात ओल्या पोत्यावर फळी आपटावी तैसा आवाज जाहला, आणि त्याच सुमारास नगारा वाजला. मान वर केली तो केदारजी उताणे पडलेले, आणि दहा ठोके मोजावे इतुका वेळ हलले नाहीत. नगारची घटिकापात्राकडे पाहात होता. त्याने रिंगण पाहिले नव्हते.

पंत गर्जले, "नगारा आधी! ठोसा मेलेला!"

खान उठोन उभे राहिले. "ठोसा आधी. मी डोळ्यांनी पाहिला."

मग दोघेही आमचेकडे पाहू लागले, आणि लोकही, आणि सुभानजीही. आमचे हाती ती जड दोरी होती. इतक्या गाठी खोट्या कैशा असतील, ऐसे मनात आले, आणि आम्ही बोलिलो, "नगारा आधी."

सुभानजी जवळ आले. "पंचबाबा, आपण पाहिलेत?"

"पाहिले."

"मग ठीक," ऐसे म्हणोन त्यांनी वाकोन नमस्कार केला, आणि स्वतः केदारजींचे तोंडावर पाणी शिंपडिले. केदारजींनी डोळे उघडिले, उठू लागले, आणि मुठी आवळोन बोलिले, "सोडा मला. नगारा व्हायचा आहे अजून." तेव्हा लोक ओरडले, याने नगारा ऐकिलाच नाही! पंत म्हणाले, मार लागलेल्याचे बोलणे ग्राह्य नाही. आणि कडे केदारजींस दिले.

केदारजी भला माणूस. आठ दिवसांनी कडे घेऊन खाणीवर गेले. सुभानजींनी घेतले नाही. म्हणाले, "पंचांनी दिले, मी कोण घेणार?" मग केदारजींनी म्हटले, कडे राहू द्या, ठोसा तरी शिकवा. तेव्हा सुभानजींनी त्यांस पाय रोवोन उभे केले आणि दाखविले की ठोसा हातात नसतो; टाचेतून निघतो, कंबरेतून वळतो, खांद्यातून जातो; पाय उचलला की तो तिथेच मेला. हे ऐकोन आम्हांस झोप लागेना. जे पाय हलत नाहीत म्हणोन आम्ही त्यांस अडाणी ठरविले, त्या पायांतच त्यांची विद्या होती. चुकवणे त्यांस येत नव्हते, हेही खरे. त्याचे मोल त्यांनी कानाने दिले. परंतु एक विद्या पुरी येणे, हेही विद्यावंतच होणे आहे.

मग आम्ही ती दोरी घेऊन खाणीवर गेलो आणि बोलिलो, "मी पाहिले नव्हते. गाठ मारीत होतो." आम्ही त्यांचे डावे बाजूस उभे होतो. ते म्हणाले, "मोठ्याने बोला, बाबा." म्हणोन तेच पुन्हा ओरडोन बोलावे लागले, आणि खाणीतले तीस घण थांबले.

सुभानजींनी घाम पुसला. "ती गाठ पुरी जाहली काय?"

"नाही. अर्धीच राहिली."

"मग तेवढी मला द्या."

आम्ही तेवढी दोरी तोडोन दिली. त्यांनी ती मनगटास बांधिली. सगुणाबाई भाकरी घेऊन आली होती, ती म्हणाली, "कडे गेले आणि सुतळी आली! आता म्हैस बांधा तिला." ते पुष्कळ हसले. आम्ही दरबारी जाऊन सत्य सांगितले. रिवाज म्हणोन निवाडा फिरला नाही, आणि पंचाची जागा आम्ही सोडिली.

तात्पर्य इतुकेच की दोरीकडे पाहणाऱ्याने रिंगणाचा न्याय करू नये. सुभानजींच्या लढती बत्तीस, आडवे केले बत्तीस, ऐसे येथे लिहविले आहे. केदारजी आखाड्यात आहेत आणि नव्या गड्यांस आधी उभे राहणे शिकवितात. सुभानजी खाणकर राज्यारोहणाचे तिसावे वर्षी, कार्तिक शुद्ध त्रयोदशीस, दोन प्रहरी, खाणीवर मृत्यू पावले.