अहो, उठता ना?

आमच्या ऑफिसातला काँप्युटर सुरू करताना देवस्थळी त्याला 'अहो' म्हणत. मनातल्या मनात नव्हे, शेजारच्या टेबलावर ऐकू जाईल असं. बटण दाबायचं, पडद्यासमोर किंचित वाकायचं आणि म्हणायचं, "अहो, उठता ना? चहा निवतोय."

वास्तविक त्या खोलीत चहा न्यायला सक्त मनाई होती आणि तशी पाटी खुद्द देवस्थळींनीच दारावर लावली होती.

रियाधच्या अल मलाझ भागात आमची कंपनी होती, शेतीचे पंप विकणारी. मी पत्रव्यवहार सांभाळायचो आणि देवस्थळी काँप्युटर विभाग. विभाग म्हणजे ते स्वतः आणि ते यंत्र. मूळचे नाशिकचे, पन्नाशी उलटलेले, एकटेच राहायचे. बायको गेल्यावर इकडे आले, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. ऑफिसातल्या यच्चयावत माणसांना ते अरेतुरे करत. कफीलचा, म्हणजे आम्हाला नोकरीवर आणणाऱ्या अरब मालकाचा, उल्लेखसुद्धा पाठीमागे 'तो' असाच व्हायचा. आदर होता तो फक्त यंत्राला. "स्वारीचं पोट बिघडलंय" म्हणजे फ्लॉपी अडकली. "स्वारी बोलत नाहीये" म्हणजे प्रिंटरची केबल निघाली. नवा आलेला मल्याळी हिशेबनीस हा अदबीचा सूर ऐकून त्या खोलीत जाण्याआधी भांग नीट करून गेला होता. आत कुणी मोठे साहेब बसतात अशी त्याची समजूत झाली होती.

मग लढाईचं वातावरण तापलं. बत्हा बाजारातल्या खाणावळीत ताटावर ताट संपायचं, पण 'होणार की नाही' हा वाद संपायचा नाही. कुवेतमधून माघारीला इराकला दिलेली मुदत जवळ आली, तसे लोक विषारी वायूच्या भीतीनं घरातली एक खोली निवडून तिच्या खिडक्यांना प्लास्टिक आणि चिकटपट्ट्या लावू लागले. देवस्थळींच्या घरच्या खिडक्या उघड्याच होत्या. त्यांनी काय केलं, तर स्वतःची रजई आणली, तीत काँप्युटर गुंडाळला आणि ऑफिसच्या तळघरात नेऊन ठेवला.

"आपलं काय रे मुकुंदा, आपण पळू तरी शकतो," ते मला म्हणाले. "त्यांना कुठं पाय आहेत?"

मी खूप हसलो. पण ते हसू फार टिकलं नाही.

माझी बायको मेधा सहा महिन्यांची गरोदर होती आणि मुलगी सई सात वर्षांची. विमानं बंद व्हायच्या आत दोघींना पुण्याला धाडायचं होतं. दुसऱ्या दिवशीच्या मुंबईच्या विमानात महत्प्रयासानं दोन जागा मिळाल्या. अडलं होतं ते कंपनीच्या अरबी पत्रापाशी. त्या पत्रावर कफीलची सही असल्याशिवाय देश सोडायची परवानगी मिळत नसे. आमचा सुदानी टंकलेखक केव्हाच गावी निघून गेला होता. पत्राचा तयार मजकूर काँप्युटरात होता. नावं बदलून छापायचं, एवढंच काम. आणि कफील दुपारच्या नमाजाआधी म्हाताऱ्या आईला आणायला हुफूफला निघणार होता.

सकाळी मी सईला घेऊनच ऑफिसात गेलो. शाळा बंद होती आणि मेधा सामान बांधत होती. देवस्थळींनी यंत्र तळघरातून वर आणलं, बटण दाबलं, वाकले, नेहमीचं वाक्य म्हणाले. पडद्यावर चार आकडे उमटले आणि सगळं तिथंच थबकलं. पुन्हा बटण. पुन्हा तेच. केबल काढून लावल्या, फ्लॉपी घालून पाहिली. फ्लॉपीवरून यंत्र जागं व्हायचं, पण आपल्या पोटात हार्ड डिस्क आहे हेच त्याला आठवायचं नाही. देवस्थळींनी डब्याला कान लावला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आतली तबकडी फिरत नाहीये. थंडीनं आखडलीय," ते म्हणाले. "तळघरात मीच गारठवलं त्यांना."

जानेवारीतली रियाधची थंडी हाडांत शिरते. मी धावत जाऊन हीटर आणला, तर त्यांनी तो बाजूला सारला. भसकन तापवलं तर कायमचं जाईल म्हणाले. त्यांनी हार्ड डिस्क खोलून बाहेर काढली, रुमालात गुंडाळली, स्वेटरच्या आत पोटाशी धरली आणि खुर्चीत मांडी घालून बसले. बाहेर कफीलचा ड्रायव्हर गाडीत सामान ठेवत होता. माझा जीव टांगणीला लागलेला आणि हे अंडं उबवत बसलेले.

"अंकल, व्हाय आर यू हगिंग इट?" सईनं विचारलं.

"थंडी वाजतेय त्यांना."

"बट दे आर नॉट वेकिंग अप."

"उठतील गं. मीही एका हाकेत कधी उठलो नाही. आमच्या घरी ही रोज तीन हाका मारायची. अहो, उठता ना, चहा निवतोय. मी जागाच असायचो. तिसरी हाक ऐकायची म्हणून पडून राहायचो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता सकाळी कुणी उठवत नाही. म्हणून मीच कुणाला तरी उठवतो."

त्यांनी डिस्क बाहेर काढली, मनगटानं हलकासा हिसका दिला, जागेवर बसवली. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्यांदा सईच वाकून म्हणाली, अगदी शुद्ध मराठीत, "अहो, उठता ना? चहा निवतोय." आणि आतून घरघर ऐकू आली.

सही मी गाडीच्या बॉनेटवर घेतली. दोघी गेल्या. वसंतात मुलगा झाला, पुण्यात, सुखरूप. त्या माणसाचे उपकार मी जन्मभर फेडू शकणार नाही आणि मला ते फेडायचेही नाहीत.

लढाई सुरू झाल्यावर मी देवस्थळींकडेच राहायला गेलो. खिडक्यांना चिकटपट्ट्या मी लावल्या. रात्री भोंगे व्हायचे, झोप अशी नसायचीच, तरी सकाळी ते माझ्याआधी उठलेले असत. एक दिवस मात्र उठले नाहीत. मी चहा केला, दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "अहो, उठता ना? चहा निवतोय."

त्यांचे डोळे मिटलेलेच होते, पण पापण्या हलल्या. जागे होते. मी दुसरी हाक मारली. ते तसेच पडून राहिले.

तिसरी मारायच्या आधी मी थोडा थांबलो. त्यांना हवा तेवढा वेळ घेऊ दे म्हटलं. चहा काय, पुन्हा गरम करता येतो.