डोमाजी डायवर रस्ता सोडत नाहीत

चारी बाजूंनी पाणी, पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही, आणि अशा ठिकाणी डोमाजी डायवर उजवा हात बाहेर काढून वळणार असल्याची खूण करतात. मग बोट हळू करतात, एकदा डावीकडे बघतात आणि चांगली काटकोनात उजवीकडे घेतात. पर्यटकांना वाटतं, खाली खडक असणार. एखादा धीट माणूस विचारतोच, काका, इथे काय आहे? डोमाजी समोरची नजर न काढता सांगतात, "चौक हाय."

मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा इतकी हसले की लाइफ जॅकेटचा पट्टा पोटाला रुतला. माझ्यासोबत आलेल्या शाळेतल्या मुलीही हसल्या. डोमाजी मात्र हसले नाहीत. चौकात कुणी हसत गाडी चालवतं का?

डोमाजी माझे शेजारी. मी हायस्कुलात भूगोल शिकवते. बदली होऊन इकडे आले आणि पुनर्वसनाच्या नव्या गावठाणात दोन खोल्या मिळाल्या. गावठाण म्हणजे पट्टीने आखल्यासारखं. सरळ रस्ते, सारखी घरं, प्रत्येक दारावर नंबर. या लोकांचं खरं गाव जांभूळटोली. धरण झालं, वैनगंगा मागे मागे फुगत आली आणि जांभूळटोली तिच्या पोटात गेली. डोमाजींनी तोवर तीसएक वर्षं एस्टी चालवली होती. लाखांदूर, दिघोरी, सिहोरा, कुठलीही गाडी द्या. ते निवृत्त झाले आणि त्याच सुमारास काठावर एक बोट क्लब निघाला. पाण्याखाली कुठे झाडाचं ठुंठ उभं आहे, कुठे विहिरीचा कठडा आहे, हे माहीत असलेला माणूस मालकाला हवा होता. डोमाजींना बोट मिळाली आणि बोटीसोबत एक टॅबलेट.

बोट मिळाली म्हणून माणूस बदलला असं काही झालं नाही. अंगात खाकी शर्ट तोच. बोटीला ते गाडी म्हणतात. सगळे बसल्याशिवाय निघत नाहीत, आणि निघताना स्वतःच तोंडाने "चाला, डबल" म्हणतात, कारण घंटी मारायला कंडक्टर नाही. टॅबलेट त्यांनी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी समोर घट्ट बांधलेला. त्यातली बाई हिंदीत सांगते, दो सौ मीटर के बाद दायें मुड़ें. डोमाजी तिला "हो जी" म्हणतात आणि खरोखर वळतात.

गंमत अशी की त्या बाईच्या नकाशात जांभूळटोलीचा रस्ता अजून होता. गाव बुडालं हे तिला कुणी कळवलं नव्हतं. निळ्या पाण्याच्या मधोमध एक पांढरी बारीक रेघ, आणि डोमाजींची बोट बरोबर त्या रेघेवरून. मालक वैतागायचा. समोरचा काठ सरळ दिसतो आहे, सरळ जा ना, पाणी सगळीकडे सारखंच. डोमाजी म्हणायचे, "पानी सारखं हाय. जमीन नाई सारखी." आणि पुढे त्यांचं ठरलेलं वाक्य, "डायवरनं रस्ता सोडाचा नाई." हे वाक्य ते भाजीला मीठ कमी पडलं तरी म्हणतात.

एका जागी मात्र ते थांबतात. रेघ डावीकडे वळते त्याच्या जरा अलीकडे इंजिन बंद करतात आणि पर्यटकांना सांगतात, डावीकडचा फोटो काढा, लई सुंदर दिसते. सगळे मोबाईल काढून डावीकडे वळतात. डावीकडे काहीही नसतं. पाणी आणि बगळे. मिनिटभराने इंजिन चालू. मी दोन-तीनदा बोटीत बसले, दरवेळी शहाण्यासारखा डावीकडचा फोटो काढला. त्या वेळी डोमाजी कुठे बघतात हे पाहायचं मला सुचलं नाही.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं माझ्यामुळे झालं. मला चूक दिसली की हात शिवशिवतात. लग्नपत्रिकेतला शुद्धलेखनाचा दोष मी पेनाने दुरुस्त करून मगच पत्रिका फ्रिजवर ठेवते. शेजारपाजारचे मोबाईल माझ्याकडे येतात आणि साफसूफ होऊन परत जातात. त्याचा मला अभिमानही होता.

एका शनिवारी डोमाजी टॅबलेट घेऊन आले. "मॅडम, हा अडकून राहिला. बाई बोलता बोलता चूप होऊन राहिली." मी म्हटलं, ठेवून जा. उघडून बघते तर आत कचराच कचरा. पर्यटकांनी काढून ठेवलेले शेकडो फोटो, त्यांच्या पोरांनी भरलेले खेळ. आणि नकाशात चाळीसेक खुणा. मारुती, शाळा, भातगिरणी, पानठेला, ग्रामपंचायत, आणि एक अशी की नावाच्या जागी नुसतं टिंब. सगळ्या खुणा पाण्यात. भूगोलाच्या बाईला पाण्यात मारुती आणि पाण्यात ग्रामपंचायत कशी सहन व्हायची? मुलांच्या वहीतला चुकीचा नकाशा खोडावा तशी मी एकेक खूण पुसली. टिंब सगळ्यात शेवटी पुसलं. टॅबलेट नव्यासारखा चालू लागला. डोमाजी खूश झाले आणि त्यांच्या बायकोने, पार्बताबाईंनी, मला वाटीभर उकडलेले शिंगाडे पाठवले. ते मी चवीने खाल्ले.

रविवारी सकाळी ते पर्यटक घेऊन गेले आणि अर्ध्या तासात परत आले. सगळ्यांना उतरवलं, बोट बांधली आणि घरी येऊन ओसरीवर बसले. सोमवारी गेले नाहीत. मंगळवारी नाहीत. खाकी शर्ट घालून, चपला घालून, ओसरीवरच. मालक येऊन बोलून गेला. डोमाजी ऐकून घेत होते. मी विचारलं तर म्हणाले, "काई नाई मॅडम. रस्ता गवसून नाई राहिला."

मला वाटलं, ठुंठांच्या जागा गेल्या म्हणून घाबरले असतील. मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, पुन्हा लावून घ्या खुणा, तासाभराचं काम. अंदाजाने लावा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अंदाजानं कशी चालवू जी गाडी," म्हणाले आणि आत गेले.

गुरुवारी शाळेतून आल्यावर पार्बताबाई माझ्या दारात आल्या. त्या फार बोलणाऱ्या नाहीत. खाली बसल्या, पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "बाई, ते टिंब तुमी पुसलं का?"

मी हो म्हटलं. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांचं पहिलं लेकरू मुलगी होती. नऊ दिवसांची असताना गेली. लहान लेकराला त्यांच्यात जाळत नाहीत, मातीत ठेवतात. जांभूळटोलीला त्यांची भाताची बांधी, म्हणजे भातखाचर, होती, तिच्या धुऱ्यावर, बांधावर, मोहाचं झाड होतं, त्या झाडाखाली ठेवलं. डोमाजी त्या दिवशी दिघोरीच्या मुक्कामी गाडीवर होते. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले.

"हे आले तवा वरची माती बी वाळली होती," पार्बताबाई म्हणाल्या. "यायनं पोरीले नीट पाह्यलंच नाई. बाळंतिणीच्या खोलीत बारा दिवस मानसानं जायचं नाई, असं होतं आमच्यात. बारशाले घेऊ, म्हने."

पुढे दोन मुलगे झाले, मोठे झाले, नागपूरला आहेत. गाव उठायच्या वेळी लोकांनी घराची कौलं नेली, दारं नेली, मारुती वाजतगाजत नव्या गावठाणात आणला. मोहाखालची तेवढी कशी आणणार? तेव्हा मोजणीला एक साहेब येत. त्यांच्याकडून डोमाजींनी मोबाईलमध्ये जागेची खूण करायला शिकून घेतलं. एकच खूण करायची त्यांना लाज वाटली, म्हणून आधी मारुती, शाळा, गिरणी, अख्खं गाव केलं, आणि लोकांचं लक्ष नाही असं बघून शेवटी ते टिंब. टॅबलेट मिळाल्यावर मुलाने त्या सगळ्या खुणा त्यात घालून दिल्या; तो मोबाईल आता नाही. तीस वर्षांत आपल्या चाकाखाली कोंबडी आली नाही, असं ते सांगतात. पाण्यावर बोट हाती आली तेव्हा त्यांनी मनाशी एवढंच धरलं की पोरीच्या अंगावरून गाडी न्यायची नाही. रेघ अजून होती, पण वाऱ्याने बोट जराशी बाजूला सरकली की बांध्या लागतात, आणि कुठल्या बांधीत ती आहे हे त्या टिंबाशिवाय पाण्यावर कळत नाही.

मी रडले. माझ्या हुशारीची मला इतकी चीड पूर्वी कधी आली नव्हती. पार्बताबाईंनीच मला पाणी दिलं.

मग मी हात धुऊन मागे लागले. पुसलेलं परत येतं का, बघितलं. येत नव्हतं. शाळेच्या कॉम्प्युटरवर पाणी येण्याआधीचं उपग्रहाचं चित्र शोधून काढलं आणि डोमाजींना बोलावलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि बराच वेळ नुसतं पाहत राहिले. आपलं गाव वरून त्यांनी कधी बघितलं नव्हतं. बोटाने दाखवू लागले, हा चौक, ही गिरणी, हे आमचं कवेलूचं, म्हणजे कौलारू, घर. बांध्यांपाशी बोट थांबलं. धुऱ्याधुऱ्यावर काळे ठिपके होते, सगळे सारखे. मोह कुठला, बाभूळ कुठली? त्यांनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं, मग शेजारच्यावर ठेवलं, मग हात मागे घेतला.

"रोज इथून गेलो मॅडम," ते म्हणाले. "पन मी टॅबलेटकडे पाहत जाओ. काठाकडे नाई पाह्यलं."

घरी येऊन मी हे पार्बताबाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडता निवडताच म्हणाल्या, चित्र कायले पाहिजे, मले ठावूक हाय. भात रोवण्याच्या दिवसांत, निंदणाच्या दिवसांत, दुपारची भाकर खाऊन त्या त्या मोहाखाली बसत. तिथून समोर काय दिसतं ते त्यांच्या डोळ्यांत होतं. पलीकडच्या गावच्या देवळाचा कळस डोंगराच्या खाचेत बरोबर बसतो, आणि उजव्या अंगाला दोन टेकड्या एकमेकींना चिकटतात. डोंगर बुडाले नव्हते, कळसही बुडाला नव्हता. दोन खुणा एका रेषेत आणून आपली जागा ओळखावी हे मी दरवर्षी नववीच्या वर्गाला फळ्यावर शिकवते.

पण पार्बताबाई आजवर बोटीत बसल्या नव्हत्या. त्या पाण्यावर मी येणार नाही, असं त्यांनी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं, आणि डोमाजींनी पुन्हा म्हटलं नव्हतं. रविवारी सकाळी त्या आपणहून निघाल्या. धुतलेलं लुगडं नेसल्या होत्या. डोमाजींनी त्यांना हाताला धरून बोटीत घेतलं, लाइफ जॅकेटचा पट्टा लावून दिला. आम्ही तिघंच होतो. "डबल" म्हणायला ते विसरले.

रस्त्याच्या रेघेवरून आम्ही चौकापर्यंत गेलो. तिथून पुढे पार्बताबाईंनी सांगायचं. त्या पाण्याकडे बघत नव्हत्या, डोंगराकडे बघत होत्या. थोडं उजव्या अंगाला घ्या. अजून. आता हळू. डोमाजींनी इंजिन बंद केलं आणि वल्हं घेतलं. मीही बघत होते. कळस सरकत सरकत खाचेत आला. उजवीकडच्या टेकड्यांमधली फट बारीक होत गेली आणि मिटली.

"इथं," पार्बताबाई म्हणाल्या. "दोन हात पल्याड. वर नका नेऊ."

डोमाजींनी बोट तिथेच धरली. दोघं उजवीकडच्या पाण्याकडे पाहत होते. टॅबलेट माझ्या मांडीवर होता. नकाशातली ती जागा मी बोटाने दाबून धरली, नवी खूण उमटली आणि तिचं नाव विचारायला लागली. मागच्यासारखं टिंब टाकता आलं असतं. तरी मी विचारलं, काय लिहू?

"नाव नाई जी मॅडम," डोमाजी म्हणाले. "बारसंच नाई झालं. टिंब लिवा."

"वनिता लिवा," पार्बताबाई म्हणाल्या.

डोमाजींनी मान वळवली. पार्बताबाई पाण्याकडेच पाहत होत्या. म्हणाल्या, "नाव आत्या ठेवते, मायले कोन इचारते. पन मी ठेवलं होतं. मनात."

"मले कधी सांगितलं नाई."

"तुमी कधी इचारलं नाई."

त्यात राग नव्हता. मी नाव लिहिलं. डोमाजींनी टॅबलेट माझ्या हातून घेतला, लांब धरून वाचला आणि मला परत दिला. वल्हं आडवं ठेवलं. मग बायकोच्या समोरच्या फळीवर जाऊन बसले, आणि एवढ्या वर्षांनंतर त्यांनी विचारलं, "कशी दिसे?"

पार्बताबाई सांगू लागल्या. केस किती होते, मुठी कशा मिटलेल्या असायच्या, कपाळ कोणाच्या वळणावर गेलं होतं. मी त्यांच्याकडे पाठ करून बसले. बोट वाऱ्याने हळूहळू सरकत होती आणि डोमाजींचं तिकडे लक्ष नव्हतं, म्हणून वल्हं मी हातात घेतलं आणि जमेल तसं तिला जागेवर धरून ठेवलं.