वाघमाऱ्यांचा दुसरा व्हॉल्व्ह

वाघमाऱ्यांच्या घरी गेलं की चहाच्या आधी पाइपचा वास घ्यावा लागे. ओट्यावर काचेचे आठ पेले ओळीने मांडलेले असत आणि प्रत्येकात पाण्यात बुडवलेला पाइपचा बोटभर तुकडा. हिरवा, पिवळा, निळा, काळा, पारदर्शक. आठ दिवस मुरलेलं ते पाणी आपल्या नाकाखाली धरून वाघमारे विचारत, "काय वाटतं, सर?" मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक. मला सगळे पेले सारखेच वाटत. पण तसं म्हटलं की ते पुन्हा पहिल्या पेल्यापासून सुरुवात करत, म्हणून मी अंदाजाने चौथ्याला नावं ठेवायचो. शेवटी निळा पाइप पास झाला. मग चहा आला.

चहा मी घेत असे, बरं का. हे मी मुद्दाम सांगतोय, आणि मुद्दाम सांगावंसं वाटतं यातच काय ते आलं. वाघमारे बौद्ध. मुलुंडच्या आमच्या चार मजली सोसायटीत ही गोष्ट कोणी तोंडाने बोलत नाही. शिकलेली माणसं आहोत आम्ही. फक्त सगळ्यांना माहीत असतं.

ट्रॉम्बेला पस्तीस वर्षं त्यांनी पाइप, प्रेशर आणि गळती तपासण्यात काढली होती. तिथून येताना ते एकच वाक्य घेऊन आले: "विश्वास नको, टेस्ट घ्या." छत्री घेतली की भर एप्रिलमध्ये ती उघडून शॉवरखाली उभे राहायचे. शहाळेवाल्याने मलई आहे म्हटलं की तीन शहाळी कानाशी हलवून बघायचे, आणि मागची रांग त्यांच्या नावाने बोटं मोडायची. एकदा जिन्यातलं आग विझवायचं नळकांडं चालतं की नाही म्हणून त्यांनी ते चालवून पाहिलं. चाललं. पुढे वर्षभर आमच्याकडे नळकांडं नव्हतं, कारण दुसरं कोणी आणायचं यावर कमिटीचं एकमत होईना.

आवारात त्यांच्या पार्किंगच्या जागेत कॅरॅव्हॅन उभी असे. म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायची चाकांवरची खोली. आत पलंग, छोटी मोरी, ओटा. निवृत्तीनंतर नवरा-बायकोने देश बघायचा म्हणून त्यांनी ती जुनी घेऊन स्वतः दुरुस्त केली होती. एकदा दोघं नाशिकला जाऊन आले. दुसऱ्या सहलीआधी बायको गेली. मग कॅरॅव्हॅन उभी ती उभीच राहिली, आणि वाघमारे दर रविवारी तिच्या चाकांतली हवा तपासू लागले.

दिवाळीच्या सुमाराला गावाकडे त्यांच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं. शहाऐंशीची म्हातारी, बीड जिल्ह्यातल्या खेड्यात एकटी. वाघमारे तिला घेऊन आले, पण त्यांचं घर चौथ्या मजल्यावर आणि आमच्याकडे लिफ्ट नाही. म्हणून त्यांनी आईला कॅरॅव्हॅनमध्ये ठेवलं आणि स्वतः तिच्या पलंगाशेजारी सतरंजी टाकली. वीज आली, पंखा आला. राहिलं पाणी.

पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरातून निळा पाइप खाली सोडला. स्वतःचं पाणी, स्वतःचा पाइप. दुसऱ्या दिवशी आमचे सेक्रेटरी प्रधान यांचं पत्र आलं, की पाइप तीन खिडक्यांवरून जातो आणि इमारतीची शोभा जाते. त्याच खिडक्यांवर आमचे लेंगे वाळत होते, ती शोभा निराळी.

मग वाघमाऱ्यांनी आवारातला नळ मागितला. हा नळ थेट पालिकेच्या लाइनवर, सकाळी सहा दहा ते सात येणारा. त्याला पाइप लावायचा, कॅरॅव्हॅनची टाकी भरून घ्यायची, की आतला नळ दिवसभर चालतो. एवढंच होतं. पण कमिटीच्या मीटिंगमध्ये प्रधानांना एकाएकी शास्त्र सुचलं. लाइनचं प्रेशर पडलं आणि तिकडचं पाणी उलट आपल्या लाइनमध्ये आलं तर? 'तिकडचं' हा शब्द त्यांनी जपून उच्चारला. गाड्या धुणारा रोज त्याच नळाला पाइप लावून त्याचं दुसरं टोक साबणाच्या बादलीत सोडायचा. बारा गाड्या धुऊन व्हायच्या. तेव्हा पाणी उलट येईल असं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

मीही कमिटीत होतो. मी मधला मार्ग काढला. मधला मार्ग काढण्यात माझी हयात गेली आहे. म्हटलं, वॉचमन रोज दोन बादल्या भरून दारात ठेवील, मी सांगतो त्याला. माझ्या उदारपणावर मी खूश होतो. वाघमाऱ्यांचा चेहरा मात्र उतरला.

"बादली नको, सर," ते म्हणाले. "नळच हवा."

का ते सांगितलं नाही. हट्टी माणूस, असं आम्ही ठरवून टाकलं. ते प्रधानांकडे वळून म्हणाले की पाणी उलट येण्याची भीती खरी आहे, त्यासाठी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, तो बसवला की पाणी एकाच बाजूला जातं. विश्वास नको, टेस्ट घ्या.

रविवारी सकाळी टेस्ट झाली. कॅरॅव्हॅनच्या टाकीत त्यांनी दोन किलो बिटाचा रस ओतला, पाइपचं टोक त्यात बुडवलं आणि लाइन बंद केली, म्हणजे लाल पाणी उलट यायचं तर येऊ दे. मग व्हॉल्व्हच्या अलीकडची चावी उघडून पांढऱ्या मगात पाणी धरलं. स्वच्छ पाणी. लालीचा टिपूससुद्धा नाही. त्यांनी तो मग पुढे केला. प्रधान म्हणाले, उपास आहे. पाण्याने उपास मोडत नाही हे त्यांच्याइतकंच मलाही ठाऊक होतं. दुसरे सभासद म्हणाले, आत्ताच चहा झाला. मग माझ्यापुढे आला.

"घसा धरलाय जरा," मी म्हणालो.

वाघमाऱ्यांनी अर्धं पाणी स्वतः प्यायलं, उरलेलं क्रोटनच्या कुंडीत ओतलं आणि तो मग धुऊन पालथा घातला. चार दिवसांनी परवानगी आली. 'मानवतेच्या दृष्टिकोनातून, तात्पुरत्या स्वरूपात', आणि अट अशी की खबरदारी म्हणून आणखी एक व्हॉल्व्ह बसवावा. वाघमाऱ्यांनी तोही बसवला. पितळेचे दोन व्हॉल्व्ह नळाला एकापुढे एक लागले.

मग म्हातारीचा उद्योग सुरू झाला. पलंगावर बसल्या जागी तिचा हात नळाला पोचत होता. ती नळ सोडायची, बंद करायची, परत सोडायची. नळ सोडला की आतला छोटा पंप घुर्र करायचा, आणि वर प्रधान पाण्याच्या नासाडीवर बोलायला लागायचे. नासाडी काही नव्हती. पाणी पातेल्यात पडायचं, पातेलं पेल्यात रिकामं व्हायचं, आणि दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ती हाक मारायची. कुरियरवाला प्यायचा, गाड्या धुणारा प्यायचा. मला म्हणायची, "गुरुजी, पानी घ्या की." मी हात जोडून म्हणायचो, आत्ताच घरून पिऊन आलो, आजी. तीन महिने मी रोज घरून पिऊन येत होतो.

फेब्रुवारीत न्यूमोनियाने ती गेली. इस्पितळात तीन दिवस, बस्स. स्मशानात आम्ही सगळे होतो. प्रधानांनी हारही आणला होता.

महिना झाला तरी वाघमारे सकाळी सहा दहाला खाली उतरून पाइप जोडायचे, टाकी भरायचे, आत जाऊन बसायचे. पंप एकदा घुर्र करायचा आणि थांबायचा. मग कमिटीचं पत्र निघालं: गरज संपल्याने जोडणी काढावी. ते द्यायला मला पाठवलं, कारण माझे आणि वाघमाऱ्यांचे चांगले संबंध.

सकाळीच गेलो. टाकी नुकतीच भरली होती. त्यांनी पत्र वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि पाना घेऊन नळाशी बसले. दोन्ही व्हॉल्व्ह काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले. पहिल्यात झडप होती, स्प्रिंग होती. दुसऱ्यात काहीच नव्हतं. डोळ्याला लावला तर आरपार प्रधानांची गाडी दिसली.

"पाण्याला एक पुरतो, सर," ते म्हणाले. "हा कमिटीसाठी होता. याची टेस्ट कोणी मागितली नाही."

मला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच विरलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, तेव्हा बादली का नको म्हणालात?

ते कॅरॅव्हॅनच्या पायरीवर बसले. "आमच्या गावात विहिरीला आम्ही हात लावायचा नाही. आई घागर घेऊन लांब बसायची. कोणाला दया आली तर वरून ओतायचे. कधी दुपार व्हायची. मी बसायचो शेजारी. बादली म्हणजे परत तेच, सर. कोणीतरी आणून देणार आणि ती दाराकडे बघत बसणार. एकदा तरी तिनं आपल्या हातानं नळ सोडावा, दुसऱ्याला पाणी द्यावं, एवढंच होतं."

मला फार लाज वाटली. तिने रोज पुढे केलेला पेला आठवला, आणि माझा धरलेला घसा.

"थोडं पाणी द्या," मी म्हणालो.

वाघमारे उठले नाहीत. "नळ आत आहे. पेला तिथंच आहे. घ्या हातानं."

मी आत गेलो. पलंगावरची चादर नीट घातलेली होती. नळ सोडला, पंप घुरघुरला. पेला घेऊन दारात आलो आणि प्यायलो. पाणी आमच्या घरच्यासारखंच होतं. लाइन एकच, दुसरं कसं असणार. आणि पिता पिता माझी नजर आपोआप वर गेली, दुसऱ्या मजल्यावर, प्रधानांच्या खिडकीकडे.

वाघमाऱ्यांनी ते पाहिलं. रागावले नाहीत. पाइप गुंडाळता गुंडाळता हळूच म्हणाले, "घरी नाहीत ते, सर. या वेळेला फिरायला जातात. प्या तुम्ही."